एकटीचे चोवीस तास

कोयना मोटर्स पुन्हा शर्यतीत उतरणार, ही बातमी गेल्या वीस-बावीस वर्षांत माझ्या कानावर निदान दहा वेळा आली असेल. दर वेळी मी भात सोडला. शर्यतीच्या गाडीतली सीट ड्रायव्हरच्या अंगाच्या मापानं बनवलेली असते, पोट सुटलेला माणूस तिच्यात मावत नाही. साठीच्या माणसाला त्या सीटमध्ये आता कोण बोलावतंय, हे कळत असूनही मी भात सोडायचा. माझी बायको मंजिरी काही विचारायची नाही. ताटात एक भाकरी जास्त दिसली की समजायचं, बातमी तिच्यापर्यंतही पोचलीय. मग पंधरवड्यानं कंपनीचा खुलासा यायचा की तूर्त असा कोणताही विचार नाही, आणि ती न बोलता भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवायची.

मी विक्रांत इंगवले, कोल्हापूरचा. आज माझं नाव सांगितलं तर कुणी ओळखत नाही. त्याचं मला काही वाटत नाही असं मी चारचौघांत म्हणतो, पण वाटतं. एके काळी चिंचवडच्या ह्या कंपनीनं फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत गाडी उतरवली होती, आणि ती चालवणारे आम्ही तिघं होतो. मी, पुण्याच्या कॅम्पातली मेहेर खंबाटा आणि वसईजवळच्या निर्मळ गावचा ग्लेन डाबरे. आम्ही तिसरे आलो. बड्या बड्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून तिसरे. चिंचवडला ट्रकवरून आमची मिरवणूक निघाली आणि ग्लेननं गर्दीत वसईची सुकेळी वाटली, पेढे वाटावेत तशी. त्याच्या खिशात कायम असायची ती वाळवलेली केळी. शर्यतीतसुद्धा.

पुढं रस्त्यावरच्या गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या. ड्रायव्हर नावाचा माणूसच उरला नाही, तर त्याची शर्यत कोण बघणार, असं म्हणून कंपनीनं शर्यतीचा विभाग बंद केला. थोड्याच दिवसांत काविळीचं निमित्त होऊन ग्लेन गेला. त्याची पोरगी एलिना तेव्हा चार वर्षांची होती.

मी कोल्हापूरला परत आलो आणि उचगावच्या पुढं कार्टिंगचा ट्रॅक टाकला. तो बरा चालतो. हल्लीच्या पोरांनी स्टीअरिंग हातात धरलेलंच नसतं, तर ती हौसेनं तिकीट काढून येतात आणि पहिल्या वळणाला टायरांच्या भिंतीत घुसतात. आईबाप टाळ्या वाजवतात. एलिनाची आई तिला दर मे महिन्यात माझ्याकडे पाठवायची. ती पोरगी मात्र पहिल्या दिवशीसुद्धा भिंतीत घुसली नाही. बापाचं रक्त, दुसरं काय.

मेहेर कंपनीतच राहिली आणि चढत चढत चाचणी विभागाची प्रमुख झाली. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"विकू, भात सोड," ती म्हणाली. "साला, ह्या वेळी खरं आहे."

दोन दिवसांनी मी चिंचवडला हजर. मेहेरनं सांगितलेलं कंपनीचं दुखणं सरळ होतं. गाडी स्वतःच चालते म्हटल्यावर ती कुणी बनवली यात गिऱ्हाइकाला रस उरला नव्हता. लोक बोलावतात, बसतात, उतरतात. लिफ्ट कुठल्या कंपनीची हे कोण वाचतं? नाव पुन्हा लोकांच्या तोंडी यायचं, तर गाडीत माणूस बसलेला दिसायला हवा, आणि तोही काहीतरी अचाट करताना. शर्यतीच्या आयोजकांनी नेमका तसाच एक नवा गट काढला होता. एक गाडी, एकच ड्रायव्हर, चोवीस तास.

मी हसलो. आमच्या वेळी सलग तीन तास झाले की डोळ्यांपुढं नसलेली झाडं दिसायला लागायची. एकट्यानं चोवीस तास म्हणजे तिरडीची सोय आधी करून ठेवा, असं मी म्हणालो. तेव्हा मेहेरनं मला डॉक्टर अन्वय केतकरांपुढं नेऊन बसवलं.

केतकर मेंदूतले. म्हणजे मेंदूवर संशोधन करणारे. बारीक अंगाचा, चहा गार होईपर्यंत बोलणारा माणूस, पण समजावून छान सांगायचा. त्यांचं म्हणणं असं, की झोप म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळा मेंदू एकदम विझत नाही. डॉल्फिन पोहता पोहता अर्धा मेंदू झोपवतो आणि अर्धा जागा ठेवतो. माणूस फार थकला, की तो टक्क जागा असतानाही त्याच्या मेंदूचे छोटे छोटे तुकडे मधूनच डुलकी काढतात. आपण किल्ली फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधतो, ते अशाच वेळी. अडचण एवढीच, की कुठला तुकडा कधी डुलकी घेईल ते आपल्या हातात नसतं. केतकरांनी ते हातात आणलं होतं. त्यांच्या हेल्मेटच्या अस्तरात बारीक चकत्या बसवलेल्या होत्या, कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडणाऱ्या. त्या ध्वनीचा झोत कवटीतून आत हव्या त्या जागी टेकवला, की तेवढीच जागा झोपते. पाळीपाळीनं एकेका भागाला झोपवायचं आणि बाकीच्यांनी गाडी चालवायची.

आम्ही तिघं जे करत होतो तेच झालं की, फक्त एका डोक्यात, असं मी म्हणालो. केतकर खूश झाले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जरा आवाज उतरवून. मेंदूत खोलवर, कानाच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. आपल्याबाबतीत जे जे घडतं ते आधी तिथं गोळा होतं, आणि मग झोपेत पक्कं होतं. ह्या भागाला विश्रांती सगळ्यात जास्त लागते आणि सराईत ड्रायव्हरला त्याची गरज सगळ्यात कमी. हातापायांचं कसब राहतं ते दुसरीकडे, लहान मेंदूत वगैरे. म्हणून हेल्मेट त्या भागाला सुरुवातीलाच झोपवतं आणि शेवटपर्यंत उठवत नाही. मागच्या दोन-चार मिनिटांचं डोक्यात राहतं, तेवढं गाडी चालवायला पुरतं. नंतर थोडं विस्मरण होतं, ते म्हणाले. दाढ काढायच्या आधी डॉक्टर म्हणतात ना, थोडं बधिर वाटेल, तसंच मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

ड्रायव्हर कोण, हे मी विचारलंच नव्हतं. दार उघडून एलिना आत आली आणि वाकून माझ्या पाया पडली, तेव्हा कळलं. सव्वीस वर्षांची, बापासारखीच उंच, बापासारखीच खांदे पाडून चालणारी. छोट्या छोट्या शर्यती तिनं देशात बऱ्याच मारल्या होत्या. ग्लेनची मुलगी ग्लेनच्या शर्यतीत, ह्याहून चांगली जाहिरात कंपनीला कुठून मिळणार? पण पोरीनं त्यांना अट घातली होती. विक्रांतकाका गाडी आणि हेल्मेट बघतील. ते हो म्हणाले तर मी बसेन, नाही म्हणाले तर नाही.

मेहेर म्हणाली, म्हणजे आता सगळं तुझ्यावर आहे, विकू. माझी छाती फुगली. पुढं काय वाढून ठेवलंय ह्याची कल्पना असती, तर तेव्हाच कोल्हापूरची वाट धरली असती.

एलिनाचं आणि माझं नातं काय होतं ते सांगायला हवं. मे महिन्यात ट्रॅक पाण्यानं थंड करून झाला, की आम्ही पायरीवर बसायचो आणि ती म्हणायची, बाबांचं सांगा. मग मी सांगायचा. पहाटेच्या धुक्यात ग्लेननं कशी गाडी काढली. मेहेरला ताप भरला होता म्हणून तिची पाळीही त्यानंच कशी ओढली. गाडी चालवताना तो एकदम गप्प व्हायचा, एरवी अखंड बडबडणारा माणूस, रेडिओवर हूं की चूं नाही, आणि खाली उतरला की पुन्हा तोंड सुरू. ती तेच तेच ऐकायची आणि मी एखादा शब्द बदलला तर मला दुरुस्त करायची. बापाचं स्वतःचं असं तिच्याकडे काहीच नव्हतं. चार वर्षांच्या पोरीला काय आठवणार?

आमच्या संघाचा एक रिवाज होता, तोही मी तिला शिकवला होता. एक ड्रायव्हर उतरून दुसरा बसतो, तेव्हा उतरणाऱ्यानं बसणाऱ्याचे पट्टे स्वतःच्या हातानं आवळायचे, गुडघा लावून, आणि आवळता आवळता त्याच्या कानात गाडीची तक्रार सांगायची. ब्रेक कसे आहेत, कुठला टायर रडतोय, कुठल्या वळणाला तेल सांडलंय. स्तुती करायची नाही, तिचा कुणाला उपयोग नसतो. त्या शब्दावर आम्ही डोळे मिटून जायचो. पडद्यावरचे आकडे काहीही म्हणोत, उतरणाऱ्याचा शब्द त्यांच्या वर. दुसऱ्या संघांचे इंजिनिअर आम्हाला हसायचे. हसोत. तिसरे आम्ही आलो, ते नाही.

चाचणी फलटणच्या पुढं, माळावरच्या कंपनीच्या ट्रॅकवर झाली. थंडीचे दिवस, कारखाने चालू, वाऱ्याला मळीचा वास. एलिनानं हेल्मेट घालून सकाळी गाडी काढायची ती दुपार कलेपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलं होतं. आणि ती उतरली की गाडी मी घेणार, ही माझी अट. लांबून बघून हो-नाही सांगायला मी काय परीक्षक आहे? गाडी मला पायाखाली हवी होती. मेहेरनं कपाळावर हात मारला, पण सीटचं जादा अस्तर काढून माझी सोय केली.

हायड्रोजनचं इंजिन सुरू झालं आणि मला भडभडून आलं. इतक्या वर्षांत मी इंजिन ओरडताना ऐकलंच नव्हतं. मेहेर तर सरळ रडत होती आणि धूळ गेली म्हणून सांगत होती.

पोरीनं काय गाडी चालवली! फेरीमागून फेरी, तीच रेघ, तेच वळण. दुसऱ्या तासाला जशी, तशीच पाचव्याला. थकवा नाही, चूक नाही, घाई नाही. हायड्रोजन भरायला आणि टायर बदलायला थांबायची, तेवढंच. मध्यान्हीच्या सुमाराला रेडिओवर तिचा आवाज आला, तोही कसा, हसरा आणि भरून आलेला.

"विक्रांतकाका, बाबा गाडी चालवताना गप्प का व्हायचे, ते मला आत्ता कळलं."

मी माईक ओढून घेतला आणि विचारलं, का व्हायचा?

"उतरल्यावर सांगते," ती म्हणाली आणि गप्प झाली.

मी मेहेरकडे बघितलं. आम्हा दोघांनाही ते कधी कळलं नव्हतं. ग्लेनला विचारलं तर तो हसून सुकेळं पुढं करायचा. आता त्याची लेक सांगणार होती, आणि ती कधी उतरते असं मला झालं.

ती उतरली. हेल्मेट काढून केतकरांच्या माणसाकडे दिलं. मी गाडीत घुसलो. एलिनानं गुडघा लावून माझे पट्टे आवळले, अगदी शिकवलं होतं तसे, आणि कानाशी येऊन सांगितलं, "ब्रेक कडक आहेत, काका. उशिरा दाबा. मागून किंचित सुटते." ते तिचं कोरं, नेमकं बोलणं ऐकून मला इतका आनंद झाला, की दुसरं काही विचारायचं राहून गेलं.

मी गाडी काढली. रेडिओवर इंजिनिअर सांगायला लागला की ब्रेक फार तापलेत, लवकर दाबा. मी त्याला म्हणालो, बाबा रे, तू गप बस, मला ड्रायव्हरनं सांगितलंय. सरळ पट्टा संपला, डावीकडचं मोठं वळण आलं. उशिरा दाबायचा म्हणून उशिरा दाबला. पाय तळापर्यंत गेला आणि गाडी काही थांबायला तयार नाही. पुढं खडी, खडीपुढं टायरांची भिंत. माझ्या ट्रॅकवरची सहा-सात वर्षांची पोरं जशी घुसतात, तसा मी घुसलो.

गळ्याखालचं, खांद्याकडे जाणारं हाड मोडलं. बाकी धड होतो. सगळ्यात आधी एलिना पोचली, तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती एकच वाक्य म्हणत होती, की ब्रेक तर कडक होते. केतकर धापा टाकत आले, त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. तिनं मला जे सांगितलं ते सकाळचं होतं. पहिल्या फेरीचं. त्यानंतरचं तिच्याकडे काही साठलेलंच नव्हतं, आणि शेवटची दोन-चार मिनिटं उतरून हेल्मेट काढेपर्यंत पुसली गेली होती. घाईत तिला तक्रार सांगायची होती आणि डोक्यानं जे शेवटचं हाताशी होतं ते काढून दिलं. खोटं ती बोललीच नव्हती. आकडे काढून बघितले तर दुपारभर ती ब्रेक हळूहळू लवकर दाबत गेली होती, जसे ते सैल पडत गेले तसे. तिच्या पायाला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

फलटणच्या दवाखान्यात मी हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून पडलो होतो, तर कंपनीचे साहेब येऊन बघून गेले. त्यांनी मोठ्या नम्रतेनं सांगितलं की यंत्रात दोष निघालेला नाही. एकट्याच्या शर्यतीत गाडी कुणाच्या ताब्यात द्यायचीच नसते, तेव्हा असा प्रसंग येणार नाही. आणि ते खरंच होतं. चूक माझी होती. तसली चूक आमच्या संघातलाच माणूस करणार, दुसरा कुणी इंजिनिअरला गप बस म्हणणार नाही.

संध्याकाळी एलिना आली. स्टुलावर बसली आणि बराच वेळ माझ्या चादरीची घडी सारखी करत राहिली. मी तिला मध्यान्हीचं विचारलं. ती म्हणाली, मेहेरआंटीनं मला ते ध्वनिमुद्रण ऐकवलं, तीनदा ऐकलं.

"आवाज माझाच आहे, काका. पण तिला काय कळलं होतं, ते मला माहीत नाही."

तीच मला समजावू लागली, मी आजारी आणि ती भेटायला आलेली म्हणून असेल. म्हणाली, एवढं काय त्यात. गाडी नीट चालवली ना मी? चोवीस तासही नीट चालवीन. जिंकेन. बाबा तिसरे आले होते, मी पहिली येईन. मग तिनं मान वर केली.

"बाबांचं तरी मला कुठं काय आठवतंय? सगळं तुम्हीच सांगितलेलं. तसंच माझंही तुम्ही सांगा. तुम्ही छान सांगता."

तिनं हे अगदी सहज म्हटलं. जन्मभर ही पोरगी दुसऱ्यानं सांगितलेल्यावर जगत आली होती आणि तिला ते पुरतं असं वाटत होतं. ती सवय लावणारा मी. पायरीवर बसून, मोठ्या कौतुकानं.

रात्री मेहेर डबा घेऊन आली. मी तिला म्हणालो, हेल्मेटला मी नाही म्हणणार. ती भडकली. आमचं भांडण शर्यतीच्या दिवसांपासूनचं, त्यात मुरलेलो आम्ही. तिचं म्हणणं, आपल्याला तरी खरं काय आठवतं? तू म्हणतोस त्या पहाटे धुकं होतं, मी म्हणते आभाळ निरभ्र होतं. तू म्हणतोस ग्लेननं माझी पाळी ओढली, मी म्हणते तूच झोपून राहिलास म्हणून त्याला ओढावी लागली. आपण सांगून सांगून ती शर्यत बनवली आहे, विकू. मी म्हणालो, बनवलीय ना, पण आपण बनवलीय, आपल्या मालातनं. हिच्याकडे मालच राहणार नाही. धुकं होतं की नव्हतं, ह्यावर भांडायलासुद्धा ती नसेल तिथं.

मेहेरनं डब्याचं झाकण लावलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मला मरायच्या आधी एकदा आपली गाडी तिथं बघायची होती."

मला नव्हती बघायची? बावीस वर्षं दुसरं काय मागितलं मी देवाकडे? कंपनी तीन ड्रायव्हर घेऊन, हेल्मेटशिवाय उतरेल का, असं मेहेरनं दुसऱ्या दिवशी विचारूनही बघितलं. त्यात जाहिरातीला काय आहे, असं उत्तर आलं. एक तर एलिना एकटी, नाही तर काही नाही.

चिंचवडच्या बैठकीत मला सगळ्यांपुढं विचारलं. मी एलिनाकडे बघून सांगितलं. तिच्याच अटीवर तर मी तिथं होतो.

"तुझ्या बापाचं मी सांगतो, कारण तो नाहीये. तू असताना तुझं मी का सांगायचं? हेल्मेटला मी नाही म्हणतोय, एलिना."

तिनं दिलेला शब्द पाळला. उठली, साहेबांना सांगितलं की मी बसणार नाही. जिन्यात मला गाठलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"मी जिंकले असते, काका," ती म्हणाली, आणि खाली निघून गेली.

पंधरवड्यानं कंपनीचा खुलासा आला, तूर्त असा कोणताही विचार नाही. ह्या वेळी तो माझ्यामुळं आला होता. मंजिरीनं भात वाढला, मला तो जाईना. ट्रॅकवर पोरं भिंतीत घुसत होती आणि मला त्यांच्यावर ओरडावंसंही वाटत नव्हतं. एलिनाला मी तीन-चारदा फोन केला, तिनं उचलला नाही. मे महिना आला आणि गेला. आपण पोरीच्या तोंडचा घास काढला, असं दर दोन दिवसांनी वाटायचं. तिचं आयुष्य, तिचं डोकं, जिंकायचं की आठवायचं हे ठरवणारा मी कोण? ह्याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. मी फक्त नाही म्हणालो, आणि ते मागं घेतलं नाही.

मग वाऱ्यावर कळलं की ती बेल्जियमच्या एका छोट्या संघात गेलीय. फ्रान्सची तीच शर्यत, पण जुन्या पद्धतीचा गट, एका गाडीला तीन ड्रायव्हर, आणि ही तिसरी. मेहेरला कंपनीतून निवृत्त होऊन तेव्हा महिना झाला होता. ती शर्यत बघायला कोल्हापूरला आमच्याकडे आली, आणि आम्ही दोन म्हातारे आणि मंजिरी पडद्यासमोर बसलो.

एकट्याच्या गटात दुसऱ्याच एका कंपनीनं तसलं हेल्मेट आणलं होतं. त्यांचा पोरगा जिंकला. काय चालवली त्यानं, वा! खाली उतरल्यावर त्याला विचारलं, सगळ्यात अवघड तास कुठला होता. त्यानं आधी आपल्या व्यवस्थापकाकडे बघितलं. मग सगळेच तास छान होते म्हणाला आणि हसला, ओळखीपाळखीचं कुणी नसलेल्या लग्नात आपण हसतो तसा. गळ्यात हार, हातात चषक. मेहेरनं माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तिच्याकडे नाही.

एलिनाची गाडी कुठं तरी खाली, विसाव्या की एकविसाव्या नंबरावर आली. एकदा तिचा पुढचा दिवा फुटलेला दिसला, एकदा ती पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथल्या, भिंतीला टेकून पाणी पिताना दिसली, तेवढंच.

सोमवारी सकाळी मी ट्रॅकवर टायर रचत होतो, तर फोन वाजला. ती. मला वाटलं आता ऐकवणार, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती. तिनं कसे आहात म्हणून विचारलं नाही, माफ केलं वगैरे काही नाही, एकदम सुरूच झाली. म्हणाली, काका, अर्ध्या ट्रॅकवर पाऊस होता आणि अर्धा कोरडा, तुम्ही असं कधी बघितलंय का? तिच्या संघातला पोर्तुगीज पोरगा गाडीत बसायच्या आधी उलटी करतो आणि मग वाघासारखा चालवतो. ती स्वतः टायरांच्या ढिगामागं झोपली होती आणि गालावर टायरची नक्षी उठली म्हणून सगळे हसले. दिवा फुटल्यावर पुढच्या गाडीच्या उजेडात तिनं कितीतरी फेऱ्या काढल्या, ती गाडी पिटमध्ये वळली आणि समोर काळोख झाला, तेव्हा ती मोठ्यानं रडली, हेल्मेटच्या आत, आणि रडता रडता वळण अचूक घेतलं. मग उजाडलं. उजाडलेलं कसं दिसत होतं ते तिनं सांगितलं. पुन्हा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला नीट सांगता आलं नाही असं वाटलं.

मी टायरांवर बसून ऐकत होतो. ऊन चढलं. तिकीट काढून आलेली माणसं फाटकाशी उभी होती, मंजिरीनं त्यांना हातानंच थांबवलं. मध्येच एलिना थबकली.

"काका, तुम्हाला कंटाळा नाही ना आला?"

"नाही," मी म्हणालो. "तू सांग."

थांबा, मधलं एक राहूनच गेलं, असं म्हणून ती पुन्हा शनिवारच्या दुपारपासून सुरू झाली.